सायकलवरून पडल्यावर हेल्मेट डोके वाचवते काय?

शाळा उघडल्या की आपल्या बोरगावच्या आसपासच्या रस्त्यांवर सायकली पुन्हा दिसू लागतात. मध्य प्रदेश सरकारच्या योजनेतून, शाळेसाठी दुसऱ्या गावी जावे लागणाऱ्या सहावी व नववीच्या मुलामुलींना मोफत सायकल मिळते. या सायकलीमुळे कितीतरी मुलींचे शिक्षण गावच्या शाळेपाशी थांबले नाही, ही मोठी गोष्ट आहे. सायकल घरी येते. पण तिच्यावर बसणाऱ्या मुलाच्या डोक्याचे काय, याचा विचार घरच्यांनाच करावा लागतो.

सायकलसाठी हेल्मेटचा कायदा आपल्याकडे नाही. मोटार वाहन कायद्याचे १२९ वे कलम मोटारसायकल व स्कूटरवर बसणाऱ्या, चार वर्षांवरील प्रत्येकाला हेल्मेट सांगते, पण साध्या सायकलला ते लागू नाही. त्यामुळे घेणे न घेणे ज्याच्या त्याच्या मर्जीवर आहे. याविषयी लोकांत दोन मते ऐकू येतात. एक म्हणतो, "आमच्या बापजाद्यांनी कधी घातले नाही, आणि ट्रकच अंगावर आला तर ते टोपडे काय करणार?" दुसरा म्हणतो, "हेल्मेट घातले म्हणजे चिंता मिटली." दोघांच्याही म्हणण्यात थोडे तथ्य आहे आणि थोडी चूक आहे. खरे काय ते नीट समजून घेऊ.

डोक्याच्या आत काय होते?

पांढुर्ण्याच्या गोटमारीत पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीवर डोकी फुटतात, हे आपल्या भागात कोणाला सांगावे लागत नाही. रक्त वाहते, टाके पडतात आणि पुष्कळदा माणूस चार दिवसांत हिंडूफिरू लागतो. त्यामुळे एक चुकीची समजूत रुजली आहे, की रक्त आले तर मार मोठा आणि रक्त नाही तर मार नाही. डोक्याच्या कातडीला रक्तपुरवठा भरपूर असतो, म्हणून लहानशी जखमही खूप वाहते. खरा धोका कवटीच्या आत असतो आणि तो बाहेरून दिसत नाही.

संत्र्याची पेटी आठवा. तणस न घालता फळे भरली आणि पेटी ट्रकवरून खाली आपटली, तर फळी मोडत नाही, पेटी वरून शाबूत दिसते. पण मंडीत उघडल्यावर आतली फळे दबलेली निघतात. मेंदूचे तसेच आहे. तो लोण्याच्या गोळ्यासारखा मऊ असतो आणि कवटीच्या आत पाण्यासारख्या द्रवात तरंगत असतो. डोके डांबरावर आदळते तेव्हा कवटी एकदम थांबते, मेंदू मात्र पुढे जात राहतो, आतून हाडावर आपटतो व पिळला जातो. बारीक रक्तवाहिन्या तुटतात आणि रक्त साचू लागते. कवटी फुगत नाही, म्हणून साचलेले रक्त मेंदूलाच दाबते. वर टेंगूळसुद्धा नसताना हे होऊ शकते.

हेल्मेट नेमके करते काय?

हेल्मेटचे वरचे कवच कठीण असते, म्हणून ते वाचवते असे बहुतेकांना वाटते. खरे काम करतो तो आतला थर. तो थर्माकोलच्या जातीचा, पण जास्त घट्ट फेस असतो. मार बसला की तो चिरडतो, आणि चिरडता चिरडता डोक्याला थांबायला थोडी जागा देतो. पेटीत तणसाचे जे काम, तेच हे.

ही थोडीशी जागा किती मोलाची आहे, ते हिशेबाने पाहू. सायकलवर बसलेल्या मोठ्या माणसाचे डोके जमिनीपासून साधारण दीड मीटर, म्हणजे सुमारे पाच फूट उंच असते. तेवढ्या उंचीवरून पडलेली वस्तू जमिनीला भिडते तेव्हा तिचा वेग ताशी साडेएकोणीस किलोमीटर झालेला असतो. पडण्याची उंची भागिले थांबण्याचे अंतर, एवढ्या भागाकाराने किती पट जोर येतो हे कळते. उघडे डोके डांबरावर दोन मिलिमीटरांत थांबले, तर १,५०० भागिले २, म्हणजे डोक्याच्या वजनाच्या सरासरी ७५० पट जोर येतो. हेल्मेटच्या फेसात तेच डोके २० मिलिमीटरांत थांबले, तर जोर ७५ पट. डोके साडेचार किलोचे धरले, तर पहिल्या वेळी क्षणभर जवळजवळ ३४ क्विंटलांचा भार आणि दुसऱ्या वेळी साडेतीन क्विंटलांच्या आत. पडणारा माणूस तोच, रस्ता तोच. फरक फक्त बोटभर जाडीच्या फेसाचा.

सायकल हेल्मेटची परीक्षाही याच उंचीवर घेतात. युरोपच्या ईएन १०७८ या मानकात, आत धातूचे नकली डोके बसवून हेल्मेट सपाट लोखंडावर सुमारे दीड मीटरवरून पाडतात. अमेरिकेच्या सीपीएससी मानकात ही उंची दोन मीटर आहे. आतल्या डोक्याला बसणारा धक्का ठरलेल्या मर्यादेच्या आत राहिला, तरच ते हेल्मेट पास होते.

येथे कोणी विचारील, "परीक्षा वीस किलोमीटर वेगाची, आणि उतारावर सायकल तर तीसने पळते. मग?" सपाट रस्त्यावर घसरून पडताना डोके जमिनीवर किती जोराने आपटेल, हे मुख्यतः उंचीवर ठरते. पुढे जाण्याचा वेग बराचसा घासत, लोळत जाण्यात खर्च होतो. म्हणून साध्या पडण्यात हेल्मेट वेगातही कामाला येते. पण सायकल त्या वेगाने मैलाच्या दगडावर, खांबावर किंवा उभ्या ट्रॉलीवर गेली, तर सारा वेग एका ठोक्यात थांबतो, आणि तेथे हेल्मेट कमी पडते.

अनुभव काय सांगतो?

हेल्मेटच्या अभ्यासाची एक जुनी गोष्ट जाणण्यासारखी आहे. १३ मे १९३५ रोजी इंग्लंडमध्ये टी. ई. लॉरेन्स हे पहिल्या महायुद्धात गाजलेले अधिकारी मोटारसायकलवरून जात होते. समोर सायकलवरची दोन मुले आली. त्यांना चुकवताना लॉरेन्स पडले, डोक्याला मार लागला आणि सहा दिवसांनी वारले. त्यांच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांत मेंदूचे शल्यचिकित्सक ह्यू केर्न्स होते. केर्न्स यांनी पुढे मोटारसायकलस्वारांच्या डोक्याच्या जखमांचा अभ्यास केला आणि हेल्मेट घातलेल्यांच्या जखमा सौम्य असतात हे १९४१ मध्ये प्रसिद्ध केले. त्याच वर्षी ब्रिटिश लष्कराने निरोप पोचवणाऱ्या आपल्या स्वारांना हेल्मेट सक्तीचे केले.

साध्या सायकलचे पुरावे पुढे जमत गेले. २०१६ मध्ये जगभरातील ४० अभ्यास एकत्र करून हिशेब मांडण्यात आला. त्यात अपघात होऊन जखमी झालेले ६४ हजारांहून अधिक सायकलस्वार होते. हेल्मेट घातलेल्यांत डोक्याला इजा होण्याची शक्यता निम्म्यावर आलेली दिसली. गंभीर इजेची शक्यता ६९ टक्क्यांनी, तर जीवघेण्या इजेची ६५ टक्क्यांनी कमी होती. चेहऱ्याची इजाही तिसऱ्या हिश्शाने कमी होती. हेल्मेटच्या वजनाने मान मोडते असे काही लोक म्हणतात, पण मानेच्या दुखापतीशी हेल्मेटचा संबंध दिसला नाही.

या आकड्यांवर एक आक्षेप घेतात. हेल्मेट घालणारे मुळातच जपून चालवणारे असतील, त्यामुळेही फरक दिसेल. या आक्षेपात तथ्य आहे, म्हणून हे आकडे शेवटच्या टक्क्यापर्यंत पक्के धरू नयेत. पण परीक्षाशाळेतील पाडण्याचे प्रयोग आणि दवाखान्यांतील अनुभव एकाच दिशेला बोट दाखवतात. पडल्यावर हेल्मेट डोके वाचवते, याविषयी शंका उरत नाही.

हेल्मेट काय करू शकत नाही?

ट्रकचे चाक अंगावरून गेले तर हेल्मेट वाचवत नाही. हातपाय, छाती, पोट यांचे रक्षण ते करीत नाही. डोके तिरपे घासून जोरात फिरले तर मेंदू पिळला जातो. तो पीळ साधे हेल्मेट थोडाच कमी करते. त्यासाठी आत सरकणारा जादा थर असलेली हेल्मेटे निघाली आहेत, पण ती महाग आहेत.

मुख्य म्हणजे हेल्मेट अपघात टाळत नाही. नेदरलँड्स देशात घरटी सायकली आहेत, रोजच्या सायकलस्वारांपैकी फार थोडे हेल्मेट घालतात, तरीही तेथे सायकल चालवणे पुष्कळ सुरक्षित आहे. कारण सायकलींना मोटारींपासून वेगळा रस्ता आहे. उलट ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यात १९९० मध्ये सायकलसाठी हेल्मेटसक्ती झाली, आणि त्यामुळे मुलांनी सायकल चालवणेच कमी केले की काय, यावर तेथे बरीच वर्षे वाद झाला. आपण दोन्हीकडून शिकावे. नागपूर-छिंदवाडा रस्त्यावर आपल्या मुलांना वेगळी वाट नाही. संत्र्याचे व कापसाचे ट्रक, कारखान्यांच्या गाड्या आणि शाळेची पोरे एकाच डांबरावर चालतात. म्हणून आपल्याला हेल्मेटची गरज त्या लोकांपेक्षा जास्त आहे. पण हेल्मेट नाही म्हणून मुलीची सायकल बंद करू नये. शाळा सुटली तर ते नुकसान जन्मभराचे आहे.

कोणते हेल्मेट घ्यावे?

औद्योगिक क्षेत्रात कामाला जाणारी आपली काही मंडळी कारखान्याचे पिवळे हेल्मेट घालूनच सायकलवर येतात-जातात. त्यांनी हे जरूर वाचावे. ते हेल्मेट वरून पडणाऱ्या वस्तूसाठी असते. त्याच्या आत पट्ट्यांची जाळी असते, कडेला चिरडणारा फेस नसतो. सायकलवरून माणूस बहुधा कुशीवर पडतो आणि मार कपाळाच्या बाजूला किंवा कानावर बसतो. शिवाय पट्टा न बांधल्यास ते डोके टेकण्याच्या आधीच उडून जाते.

मोटारसायकलचे आयएसआय शिक्क्याचे हेल्मेट मोठ्या माणसाला सायकलवरही चांगले वाचवते. पण ते जड असते, आणि पायडल मारताना घामाने जीव नकोसा होतो. मुलाच्या डोक्यावर बापाचे हेल्मेट ठेवू नये. ते सैल बसते आणि डोळ्यांवर घसरते. रस्त्याच्या कडेला शंभर-दीडशे रुपयांत मिळणारी नुसती प्लॅस्टिकची टोपी तर कोणीच घेऊ नये. पोलीस चुकवण्यापलीकडे तिचा उपयोग नाही.

सायकलचे हेल्मेट हलके, पावशेर-दीडपाव वजनाचे आणि हवेची भोके असलेले असते. काही शे रुपयांपासून ते मिळते. घेताना आतल्या चिठ्ठीवर ईएन १०७८ किंवा सीपीएससी हे मानक लिहिले आहे काय ते पाहावे. फेस बोटाने दाबून पाहावा. तो मऊ गादीसारखा दबला तर ती फक्त घामाची गादी होय. त्याखाली कठीण फेसाचा जाड थर असलाच पाहिजे.

कसे घालावे?

अर्धे लोक हेल्मेट घालतात पण चुकीचे घालतात. पुढील गोष्टी पाहाव्या.

१. हेल्मेट कपाळावर, भुवयांच्या वर दोन बोटे असावे. मागे ढकलून कपाळ उघडे ठेवू नये.

२. दोन्ही बाजूंचे पट्टे कानाच्या पाळीखाली जुळावेत, आणि हनुवटीखालच्या पट्ट्यात एकच बोट शिरावे.

३. पट्टा लावून डोके जोरात हलवावे. हेल्मेट डोक्याबरोबर हलले तर ठीक, मागे राहिले तर सैल आहे.

४. मुलींनी आंबाडा हेल्मेटखाली घेऊ नये. वेणी खाली सोडावी. ओढणी चाकात वा चेनमध्ये जाणार नाही अशी बांधावी, कारण पडण्याचे ते एक नेहमीचे कारण आहे.

५. एकदा जोरात आपटलेले हेल्मेट पुन्हा वापरू नये. चिरडलेला फेस परत फुगत नाही, आणि तडा बाहेरून दिसेलच असे नाही. म्हणून दुसऱ्याचे जुने हेल्मेटही घेऊ नये. ते उन्हात टांगू नये, त्यावर रंग लावू नये, पेट्रोलने पुसू नये.

उकाडा, ऐकू येणे वगैरे

२०१९ च्या जानेवारीत पुण्यात दुचाकीसाठी हेल्मेटसक्तीची कडक अंमलबजावणी सुरू झाली, तेव्हा तेथे विरोधात मोर्चा निघाला. मान दुखते, ऐकू येत नाही, गैरसोय होते, अशी कारणे लोकांनी सांगितली. हे पुणेकरांपुरतेच नाही. १९९१ मध्ये युरोपातील धंदेवाईक शर्यतपटूंनीही हेल्मेटच्या नियमाविरुद्ध संप केला होता, आणि नियम मागे घ्यावा लागला. २००३ मध्ये पॅरिस-नीस शर्यतीत आंद्रेई किविलेव्ह हा कझाकस्तानचा खेळाडू हेल्मेटविना पडून मेला. त्यानंतर मात्र सक्ती झाली, आणि आज बिनहेल्मेटाचा शर्यतपटू दिसत नाही.

सायकलच्या हेल्मेटात कान उघडे असतात, त्यामुळे मागून येणारी गाडी ऐकू येते. उकाड्याचे म्हणाल, तर आपल्या शेजारच्या नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये 'रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका' ही सुमारे ४,८०० किलोमीटरांची सायकल शर्यत बारा दिवसांच्या मुदतीत एकट्याने पूर्ण केली. तिच्या वाटेत वाळवंटही लागते, आणि सायकलवर असताना हेल्मेट काढायची मुभा नसते. मग शाळेपर्यंतचे चार-पाच किलोमीटर आपल्या मुलांना जड जाऊ नयेत.

पडल्यानंतर काय करावे?

हेल्मेट असो वा नसो, डोक्यावर पडलेल्या माणसाकडे पुढचे चोवीस तास लक्ष ठेवावे. पुष्कळदा मुलगा उठतो, कपडे झटकतो, "काही झाले नाही" म्हणतो, घरी येऊन जेवतोसुद्धा. आत रक्त हळूहळू साचत असते आणि दोन-चार तासांनी तो पेंगू लागतो. थकला असेल म्हणून त्याला झोपू देतात, आणि येथेच घात होतो.

पुढीलपैकी एक जरी खूण दिसली तरी ताबडतोब १०८ ला फोन करावा आणि सीटी स्कॅनची सोय असलेल्या दवाखान्यात न्यावे. पुन्हा पुन्हा उलटी होणे, वाढत जाणारी डोकेदुखी, पेंग येणे किंवा हाक मारून न उठणे, असंबद्ध बोलणे, झटका येणे, एका बाजूचा हातपाय लुळा पडणे, एका डोळ्याची बाहुली मोठी दिसणे, कानानाकातून रक्त किंवा पाणी येणे. थोडा वेळ जरी शुद्ध हरपली असेल, तरी डॉक्टरला दाखवावे. म्हाताऱ्या माणसांत आणि रक्त पातळ होण्याच्या गोळ्या घेणाऱ्यांत रक्त कित्येक आठवडे हळूहळू साचू शकते. म्हणून आजोबा पडल्यानंतर महिन्याभराने विसरू लागले किंवा चालताना तोल जाऊ लागला, तर तो केवळ वयाचा दोष समजू नये.

बेशुद्ध माणसाला कांदा किंवा चप्पल हुंगवू नये, तोंडात पाणी घालू नये, जखमेत हळद भरू नये, मान चोळू नये. श्वास नीट चालू असेल तर त्याचे हेल्मेट ओढून काढण्याची घाई करू नये. मानेचे हाड मोडलेले असू शकते. जखमेवर स्वच्छ कापड दाबून धरावे. रस्त्यावरच्या जखमीला मदत केल्याने पोलिसांचा ससेमिरा लागेल ही भीतीही मनातून काढावी. मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीने रस्ता अपघातात मदत करणाऱ्याला संरक्षण दिले आहे.

शेवटी

हेल्मेट हा शेवटचा आडोसा आहे. त्याच्या आधी ब्रेक, पुढे दिवा, मागे लाल रिफ्लेक्टर, डबल सीटचा मोह टाळणे आणि पांदणीतून डांबरी रस्त्यावर येताना पाय टेकवून दोन्हीकडे पाहणे, ही पाच कामे आहेत. ती बिनपैशाची किंवा थोड्या पैशांची आहेत. ती करूनही कधीतरी चाक गिट्टीवर घसरतेच. त्या एका क्षणासाठी हेल्मेट.

संत्र्याला डाग पडू नये म्हणून आपण पेटीत तणस घालतो, त्याचा खर्च कधी जड वाटत नाही. या हंगामात पहिल्या पेट्या विकल्या गेल्या की त्यातले काही रुपये घरच्या सायकलवाल्याच्या हेल्मेटसाठी बाजूला काढावेत, आणि पट्टा कसा लावायचा ते मुलाला स्वतः समोर बसवून शिकवावे.